कोर्टाच्या फाटकावरचा ताप

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, तेव्हा आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही अर्धी मराठीत आणि अर्धी हिंदीत, त्यामुळे मी दोन्ही भाषांत सारख्याच चुका करते. आमच्या मंडळाच्या गणपतीच्या अंकात या वर्षी बायकांनी आपापल्या कामाबद्दल लिहावं असं ठरलं आहे. मंडळातल्या बाकीच्या बायका शिक्षिका आहेत, बँकेत आहेत, एक तर डॉक्टर आहे. मी गप्प बसले होते. नात म्हणाली, "आजी, तू लिख तो सही, मात्रा मी ठीक करून देते ना." म्हणून वहीत लिहिते आहे. अंकाला द्यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

मी कोर्टात होते. असं सांगितलं की लोक आधी विचारतात, "कसली केस?" केस नव्हती. मी तिथे पाणी पाजायचे. ग्वाल्हेरात कोर्टं बरीच आहेत, त्यातलं कोणतं ते लिहीत नाही. पगार रोजंदारीचा, ठेकेदाराच्या हातून.

पाणी पाजण्यात काय काम आहे, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. उन्हाळा लागायच्या आधी नवे माठ आणायचे. माठ बोटानं वाजवून घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा. नवा माठ एकदोन दिवस भरून पाणी फेकून द्यायचं, नाहीतर पाण्याला मातीची चव राहते आणि वकील तक्रार करतात. पक्षकार तक्रार करत नाहीत. तक्रारीला खर्च किती येतो ते त्यांना माहीत असतं. हातकडीवाल्यांना पाजायचं तर वेगळीच रीत. एका हातकडीत दोघं अडकवलेले असले की एकट्याला ओंजळ करता येत नाही, दुसऱ्यानं आपला हात जोडावा लागतो. एकदा दोघांनी असे हात जोडून आळीपाळीनं पोटभर पाणी प्यायलं. ते दोघं वर जजसाहेबांपुढे जाऊन एकमेकांचं नाव सांगणार होते, असं नंतर शिपायानं सांगितलं.

या कामात मला आवडायचं ते म्हणजे बोलावं लागत नसे. तहान लागलेला माणूस बोलत नाही, आणि पाणी पिऊन झालं की निघून जातो. मला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घसा सुकतो. माठाजवळ बसलेली असल्यामुळे तेवढी सोय होती.

मग ती महामारी आली. कोर्ट बंद झालं, आणि जेठ महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, थोडंथोडं उघडलं. माठ मात्र बंद. एका पेल्यानं सगळ्यांनी पाणी प्यायचं, हे आता चालणार नव्हतं. मी घरी बसायची तयारी केली होती. ठेकेदाराचा माणूस आला आणि म्हणाला, फाटकावर बायकांच्या रांगेला एक बाई पाहिजे, या. पुरुषांच्या रांगेला एक माणूस ठेवला होता, पण तो पहिल्याच सकाळी आजारी पडून गावी गेला आणि परत आला नाही. मग दोन्ही रांगा माझ्याकडे आल्या.

मला एक प्लास्टिकचं पिस्तूल दिलं. ते कपाळासमोर धरायचं, घोडा दाबायचा, मग ते टिक करतं आणि अंगातल्या तापाचा आकडा दाखवतं. म्हणजे जी बाई कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हती, तिनं आता दिवसभर वकिलांच्या कपाळावर पिस्तूल रोखायचं. फाटकावर हवालदार भदौरियाजी होते. चंबळकडच्या भिंडचे, मिशा मास्कच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या. ते मला जिज्जी, म्हणजे मोठी ताई, म्हणत. पहिल्या दिवशी मी घोडा दाबायला कचरत होते तेव्हा म्हणाले, "जिज्जी, चला दो. हमारे भिंड में तो लोग असली से भी इतना नहीं सोचते."

तेव्हाचा नियम लिहून ठेवते, कारण आता लोक विसरले. ज्याची त्या दिवशी तारीख असेल त्यालाच आत सोडायचं. सोबतचे काका, मेहुणे, सल्ला देणारे, सगळे बाहेर. चुन्याचे गोल आखलेले होते, एका गोलात एक माणूस. मास्क, मग हातावर दवा, मग पिस्तूल. ताप निघाला तर माणसाला बाजूला कडुनिंबाखाली बसवायचं, थोड्या वेळानं पुन्हा बघायचं. तरी ताप असला तर भदौरियाजी एक पर्ची लिहून देत, की हा माणूस तारखेला आला होता, ताप असल्यामुळे फाटकावरून परत पाठवला. ती पर्ची वकिलानं वर साहेबांना दाखवायची.

कडुनिंबाचा नियम पहिल्या दिवशी नव्हता. पहिल्या दिवशी माणसं डबऱ्याहून, भितरवारहून, अशा लांबच्या गावांहून मोटरसायकलवर उन्हात आली. कपाळं तव्यासारखी तापलेली. मी पिस्तूल लावलं की ताप. दुसऱ्याला लावलं की ताप. दुपारपर्यंत अर्धी रांग परत गेली आणि वरून साहेबांनी विचारायला पाठवलं, की खाली काय साथ फुटली आहे काय. तेव्हापासून कडुनिंबाखाली बसवायला लागले. सावलीत बसलं की ग्वाल्हेरचा ताप उतरतो.

लोक तऱ्हेतऱ्हेचे येत. एक म्हातारे वकीलसाहेब कपाळभर चंदन लावून यायचे. ओल्या चंदनावर पिस्तूल इतका कमी आकडा दाखवायचं की हिशोबानं ते जिवंत नसायला हवे होते. ते रोज विचारायचे, "कितना आया?" मी सांगायची. ते म्हणायचे, "ठंडे दिमाग़ का वकील हूँ, लिख लो." पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली, त्यात ते गेले. त्यांच्यानंतर तो आकडा पुन्हा कोणाच्या कपाळावर आला नाही.

एक नवराबायको सोडचिठ्ठीसाठी येत. सवारीचे टेम्पो बंद होते, त्यामुळे दोघं एकाच स्कूटरवर येत. ती मागे बसायची, मधे पिशवी ठेवलेली. भदौरियाजींनी दोघांना दोन गोलांत उभं केलं. ती म्हणाली, "भाईसाहब, इतनी दूरी घर में मिल जाती तो हम आते ही नहीं." नवरा म्हणाला, "हेलमेट नीचे मत रखना, गंदा हो जाएगा." ती म्हणाली, "बरं." मराठीच होते, भांडण हिंदीत करत. परत जाताना तीच पिशवी तशीच मधे.

आणि एक खेड्यातला म्हातारा. जमिनीची केस, त्याच्या बापानं घातलेली. मी पिस्तूल लावलं, आकडा सांगितला, म्हटलं ठीक आहे. तो हलेना. म्हणाला, लिहून द्या. मी म्हटलं, याचं काही लिहून देत नाहीत. तो म्हणाला, "बाई, इतक्या वर्षांत या कोर्टानं मला त्याच दिवशी दिलेलं हे पहिलं उत्तर आहे." भदौरियाजींनी त्याच्या पिशवीवर खडूनं आकडा लिहून दिला. तो खूश होऊन आत गेला. आत त्याला तारीख मिळाली.

एक गोष्ट मात्र आम्ही कधी करत नव्हतो. कोणाच्या डोक्यावरचं उतरवायला सांगत नव्हतो. आमच्या भागात साफा आहे, पगडी आहे, गमछा आहे, आणि चार लोकांत दुसऱ्याच्या डोक्यावरचं उतरवायला सांगणं म्हणजे काय, ते मी इथे समजावत बसत नाही. पहिल्याच आठवड्यात मला बोलवायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसानं एका ठाकूरसाहेबांना साफा काढायला सांगितलं होतं, तेव्हा फाटकावरच नवी केस उभी राहायची वेळ आली. भदौरियाजींनी नियमच करून टाकला: "पगड़ी को हाथ नहीं, पगड़ी की बात भी नहीं." बायकांचा पदर, बुरखा, पुरुषांची टोपी, सगळं जागच्या जागी. जेवढं कपाळ दिसेल तेवढ्यावर काम भागवायचं. मला ते बरंच होतं. बोलायचं एक काम कमी.

आता कमलअक्कांचं सांगते. खरं तर त्यांचंच सांगायला बसले होते.

कमलअक्का बिर्लानगरात राहायच्या, मिलच्या चाळीत. यजमान मिलमध्ये होते. मिल बंद पडली, मग यजमान गेले, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षांनी मिलकडचे अडकलेले पैसे आले. ज्यांचे होते त्यांना मिळाले नाहीत, पण अक्कांना मिळाले. अक्का शिवणकाम करायच्या. साडीला फॉल, पिको, आणि त्या वर्षी मास्क. ते मिलचे पैसे त्यांनी विलासरावांना दिले.

विलासराव हरिशंकरपुरमचे. लग्नाचे मांडव, खुर्च्या, झुंबरं भाड्यानं देण्याचा धंदा. अक्कांच्या यजमानांची त्यांच्या घरी ऊठबस होती. विलासरावांचे पणजोबा दरबारात कारकुनाच्या वरच्या कुठल्यातरी जागेवर होते, हे ते पहिल्या भेटीतच सांगत. आमचे पणजोबा पलटणीत होते. ते काय करायचे ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. तर विलासरावांनी धंद्यासाठी पैसे घेतले, चेक लिहून दिला, आणि गणपतीपर्यंत देतो म्हणाले. गणपती आले आणि गेले. अक्कांनी चेक बँकेत टाकला तो परत आला. मग अक्कांच्या भावानं केस घालायला लावली.

अक्का फाटकावर आल्या तेव्हा मी त्यांना मास्कवरून ओळखलं नाही. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मंडळाच्या हळदीकुंकवाला भेटायचो आम्ही. म्हणाल्या, "अगं सुमन, तू? तुझ्या हातात बंदूक कोणी दिली?"

त्याच तारखेला विलासरावही आले. ऊन मरणाचं होतं. पिस्तुलानं ताप दाखवला. त्यांना कडुनिंबाखाली बसवलं, पण सावली अक्कांनी आणि इतरांनी घेतलेली, ते उन्हाच्या बाजूला बसले. पुन्हा बघितलं तरी ताप. ते मला मराठीत म्हणाले, "ताई, मी म्हणतो उगाच लोकांना धोका कशाला? द्या लिहून." ग्वाल्हेरच्या फाटकावर दिवसभर हिंदी ऐकल्यावर कोणी ताई म्हणून मराठीत बोललं की माणूस विरघळतो. पर्ची नियमानंच दिली. पण मी भदौरियाजींकडून ती लवकर लिहून घेतली, हे खरं.

चेकच्या केसमध्ये वकील फोनवर बोलला तरी भागत नसे, आरोपीनं स्वतः एकदा उभं राहावं लागे. भदौरियाजींनी ते मला असं सांगितलं: "आया ही नहीं, तो वारंट. आया और हमने लौटा दिया, तो तारीख." म्हणजे घरी बसला तर पकडून आणतील, पण फाटकापर्यंत येऊन ताप दाखवला तर साहेब म्हणणार, बिचारा, त्याला पुढची तारीख द्या.

विलासराव पुढच्या तारखेला, पावसाळ्यात, टोपी घालून आले आणि पुन्हा ताप निघाला. त्याच्या पुढच्या तारखेला पुन्हा. ऊन गेल्यावर कडुनिंबाखाली बसवणं आम्ही सोडलं होतं, ताप निघाला की लगेच पर्ची. दर वेळी ते महामारीच्या तपासणीचा कागद आणायचे, त्यात आजार नसायचा. आजार नाही पण ताप आहे. मला त्यांची काळजी वाटायला लागली होती. मी एकदा म्हटलंसुद्धा, "विलासराव, डॉक्टरला नीट दाखवा." ते म्हणाले, "ताई, आपली माणसं आहेत म्हणून चौकशी करतात."

इकडे अक्कांचा डोळा जात होता. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात पिकायला लागलेला. सरकारी दवाखान्यात महामारीमुळे डोळ्यांची ऑपरेशनं बंद होती, खाजगीत करायचं तर पैसे विलासरावांकडे. अक्का स्वतः शिवलेला मास्क लावून यायच्या. उन्हाळ्यात त्यावरची शिलाई सरळ होती. पावसाळ्यात ती कडेला सरकली. मी म्हटलं, "अक्का, शिलाई वाकडी गेली."

"शिलाई सरळच आहे. कापड हललं."

दिवाळीनंतरच्या तारखेला मास्कचा एक बंद बाहेरच्या बाजूनं शिवलेला होता. अक्काच म्हणाल्या, "आज कापड फारच हललंय ना?" मग हळूच म्हणाल्या, "गिऱ्हाइकं कमी झालीत गं. एकीच्या साडीचा फॉल पदराला लावून दिला मी." त्या दिवशीही विलासरावांना ताप होता. अक्का आपल्या गोलात उभ्या राहून त्यांच्या दिशेला बघत होत्या. त्यांना ते दिसत नव्हते, पण दिशा बरोबर होती.

आमच्या फाटकासमोर छोटेलालचा इस्त्रीचा ठेला होता. कोळशाची इस्त्री, गिऱ्हाइकं सगळी काळे कोटवाली. त्या वर्षी त्याचा धंदा अर्धा झाला होता, आणि तो कुठला अर्धा तेही त्याला नेमकं माहीत होतं. वकील घरून मोबाइलवर बोलत, त्यात वरचं तेवढंच दिसतं. छोटेलाल म्हणायचा, "जिज्जी, कोट आ रहे हैं, पतलून नहीं आ रही. अंदर न्याय हो रहा है, नीचे लुंगी है."

थंडी पडल्यावर मी सकाळी त्याच्या ठेल्याजवळ हात शेकायला उभी राहायची. एक दिवस तो असंच आपल्या धंद्याचं रडगाणं गात होता. म्हणाला, लोक काय काय आणतात. कोणी नुसती गळ्याची पट्टी आणतो. एक साहेब तर फक्त रुमाल आणतात. रुमालाला पाच रुपये देतात, घडी करू देत नाहीत, गरम गरम उचलतात आणि थेट टोपीत घालतात.

मी विचारलं, "कोण?"

"वही कानटोपी वाले. आपसे मराठी में बात करते हैं."

मी हात शेकत राहिले. नंतर लक्षात आलं की बोटं भाजत आहेत.

हे मी भदौरियाजींना सांगायला हवं होतं. पण त्यांना सांगायचं काय? की एका भल्या घरच्या माणसाचा रुमाल गरम असतो? त्यावर ते विचारणार, तुम्ही बघितला का? मी बघितला नव्हता. टोपीत होता तो. आणि टोपीची बात आमच्याकडे होत नव्हती.

विलासरावांची पुढची तारीख ऐन थंडीत आली. ज्यांनी ग्वाल्हेरची थंडी बघितली नाही त्यांना सांगते, धुक्यात समोरचा कडुनिंब दिसत नाही, फक्त त्याच्यावरून पाणी टपकलेलं ऐकू येतं. अशा दिवसांत पिस्तूल उलटं वागायचं. ज्याच्या कपाळाला लावावं त्याचा आकडा इतका खाली की डॉक्टरनं चादर तोंडावर ओढावी. सकाळपासून सगळी रांग तशीच. वकील गार, पक्षकार गार, शिपाई गार. भदौरियाजी म्हणाले, "आज तो मुर्दों की पेशी है."

अक्का पुढच्या बाजूला एका गोलात उभ्या होत्या, हातात काठी आलेली. त्यांचा भाऊ फाटकाबाहेर थांबला होता.

विलासराव आले. लोकरीची कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, वरून मफलर. त्यांनी टोपी बोटभर वर सरकवली आणि कपाळ पुढे केलं. पिस्तूल टिक झालं. सगळं ग्वाल्हेर थंड पडलेलं, त्यात ते एकटे जेठ महिन्यात होते.

"बघा ताई," ते म्हणाले. "आजही आहेच. द्या लिहून, उगाच लोकांना धोका."

भदौरियाजी पर्चीची वही काढायला लागले. मला अक्का दिसत होत्या. त्यांनी मान वळवून कान आमच्याकडे केला होता. मास्क त्या दिवशी शिवलेला नव्हता. विकतचा, कागदी होता.

मी म्हटलं, "टोपी काढा."

आवाज इतका बारीक निघाला की विलासरावांना ऐकू आला नाही, किंवा आला आणि त्यांनी आला नाही असं ठरवलं. भदौरियाजींना मात्र ऐकू आला. ते माझ्याकडे बघायला लागले.

"काय म्हणालात ताई?"

"टोपी काढा, विलासराव."

ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, वयानं मोठा आहे मी तुमच्याहून. चारचौघांत टोपी काढायला सांगता? तुमच्या घरच्यांना मी ओळखतो."

मी पिस्तूल तसंच धरून उभी राहिले. हात खाली घ्यायचा विसरले होते, इतकंच. पण त्यांना वाटलं की मी हटत नाही. मागून एक साफेवाले काका वैतागून म्हणाले, "अरे भाई, उतार दो, हम भी खड़े हैं ठंड में." आमच्या भागात साफेवाल्यानंच असं म्हटल्यावर पुढे काही उरत नाही.

विलासरावांनी टोपी काढली. रुमाल काही क्षण कपाळाला तसाच चिकटून राहिला, मग जमिनीवर पडला, बरोबर चुन्याच्या गोलात. पांढरा, कडक, चौकोनी. धुक्यात त्यातून वाफ निघत होती.

अक्कांनी विचारलं, "सुमन, काय पडलं गं?"

मी म्हटलं, "रुमाल."

"मग त्यात काय?"

"इस्त्री केलेला आहे."

अक्कांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "गरम?"

"हो."

"अगं बाई," अक्का म्हणाल्या. "आणि मी दर सोमवारी त्यांचा ताप उतरावा म्हणून उपास करत होते. पैसे मिळायचे तर माणूस बरा राहायला हवा ना."

भदौरियाजींनी काठीच्या टोकानं रुमाल उचलला, बोट लावून बघितलं, आणि विलासरावांच्या हातात दिला. म्हणाले, "साहब, रूमाल पर कौन सी धारा लगती है, मुझे नहीं मालूम. आप बैठिए, ठंडे हो लीजिए." त्यांना बाकावर बसवलं. थोड्या वेळानं मी पुन्हा पिस्तूल लावलं. आता ते आमच्यासारखेच गार झाले होते. भदौरियाजी स्वतः त्यांना वरपर्यंत सोडून आले.

जाताना विलासराव मला म्हणाले, "आपल्या माणसानं असं करायचं नव्हतं, ताई." त्यानंतर ते माझ्याशी हिंदीत बोलायला लागले.

वर साहेबांना रुमालाचं कोणी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. आरोपी समोर उभा राहिला की पुढचं आपोआप चालू होतं. विलासराव म्हणाले, धंदा बसला होता. ते खोटं नव्हतं, त्या उन्हाळ्यात ग्वाल्हेरात एक मांडव पडला नाही, त्यांची झुंबरं गोदामात धूळ खात होती, आणि सांभाळायला चार नोकर. पण आता थंडीत लग्नं पुन्हा लागत होती, हेही साहेबांना माहीत होतं. कदाचित त्यांच्याच घरचं एखादं असेल. हप्ते ठरले. प्रत्येक हप्ता कोर्टात, साहेबांपुढे.

पहिला हप्ता वेळेवर आला. दुसऱ्याच्या आधी दुसरी लाट आली आणि कोर्ट पुन्हा बंद पडलं. त्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही. ज्यांनी ते बघितले त्यांना सांगायला नको. कोर्ट उघडलं तेव्हा रांगेतली बरीच नेहमीची माणसं कमी होती. विलासरावांच्या घरीही एक माणूस गेलं होतं. अक्का त्यांना भेटायला हरिशंकरपुरमला जाऊन आल्या. मी विचारलं, पैशाचं काही बोललात का? तर म्हणाल्या, "दुखवट्याला गेले होते, वसुलीला नाही." तो हप्ता विलासरावांनी न मागता आणून दिला. त्यात अक्कांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पुढे पिस्तूल बंद झालं, चुन्याचे गोल पावसात वाहून गेले, आणि मी माठांकडे परतले. भदौरियाजींची बदली झाली. जाताना पाणी पिऊन गेले, म्हणाले, "जिज्जी, आपका निशाना याद रहेगा."

शेवटच्या हप्त्याच्या दिवशी मी वरच्या मजल्यावर पाणी ठेवायला गेले होते. अक्का दारातच भेटल्या आणि मला आत ओढून घेऊन गेल्या. इतकी वर्षं त्या इमारतीत काढली, पण काम नसताना साहेबांच्या खोलीत उभी राहिले ती पहिल्यांदाच. भिंतीला टेकून उभी राहिले.

विलासरावांनी नोटांची गड्डी मेजावर ठेवली. बाबू म्हणाला, "गिन लो, अम्मा." विलासराव म्हणाले, "बैंक से लाया हूँ, गिनने की क्या ज़रूरत." मी समोर होते, म्हणून हिंदीत.

अक्कांनी गड्डीचं रबर काढलं. एक नोट उचलली, खिडकीकडे धरली, पुढून बघितली, उलटी करून बघितली, मेजावर ठेवली. मग दुसरी. तिसरी. साहेब बघत होते. बाबू पुढच्या केसचे कागद हातात घेऊन उभा होता. विलासरावांचा वकील घड्याळ बघून खाकरला. अक्कांनी पुढची नोट उचलली आणि खिडकीकडे धरली.

शेवटी विलासरावांना राहवलं नाही. मला विसरून ते मराठीत म्हणाले, "अक्का, किती बघता? खोटी नाही एकही."

"खोट्या म्हणून नाही बघत," अक्का म्हणाल्या. "दिसतायत म्हणून बघते."

त्यानंतर कोणी घाई केली नाही. मधे एक नोट त्यांनी बाजूला काढली. तिला कागदाची पट्टी चिकटवलेली होती. "ही बदलून द्या." विलासरावांनी खिशातून दुसरी काढून दिली. अक्कांनी तीही खिडकीकडे धरून बघितली. मग सगळ्या सरळ करून रबर लावलं, गड्डी पिशवीत घातली, पिशवीची चेन ओढली.

साहेबांनी विचारलं, "पूरी मिल गई?"

"मिळाले, साहेब," अक्का मराठीतच म्हणाल्या. "सगळे मिळाले."